चेंडू पॅडला लागला की

परवा व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता मी म्हणाले, "लेगस्टंपच्या बाहेर टप्पा पडला तर पायचीत देत नाहीत," आणि तुम्ही दोघंही हसायला लागलात. तुमच्यातली मोठी म्हणाली, "आजी, तू क्रिकेट कधीपासून बघायला लागलीस?" तेवढ्यात तुमची शाळेची बस आली आणि प्रश्न तसाच राहिला. त्याचं उत्तर लिहून पाठवते आहे. वाक्यं शक्य तेवढी लहान ठेवली आहेत. अडलं तर बाबांना विचारा, पण आधी स्वतः वाचून बघा.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. इंग्रजी बोलणाऱ्या मुलीला क्रिकेट कळत असणार, असा तुमच्या आबांचा लग्नाआधी गैरसमज होता. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी तो दूर झाला. ते मला मैदानावर घेऊन गेले आणि संध्याकाळी मी विचारलं, "तुम्ही एकदाही बॅटिंग का नाही केलीत?"

कारण ते खेळाडू नव्हते, अंपायर होते. आठवडाभर पाटबंधारे खात्यात नोकरी आणि रविवारी पांढरा कोट, पांढरी टोपी. त्यासाठी त्यांनी रीतसर परीक्षा दिली होती. नाशिकमधल्या कितीतरी स्थानिक सामन्यांत ते उभे राहिले. घरात फारसं न बोलणारा हा माणूस मैदानावर अकरा जणांच्या ओरडण्यासमोर शांतपणे मान हलवायचा आणि सगळे गप्प बसायचे. मला खेळ कळत नसे, पण हे बघायला आवडत असे.

गुडघे दुखायला लागल्यावर मैदान सुटलं आणि अंपायरिंग घरात आलं. खिडकीजवळची वेताची खुर्ची ही त्यांची जागा. मॅच असली की दोन माणसं ठरलेली. एक खालच्या मजल्यावरचे, तुम्ही ज्यांना बँकवाले आजोबा म्हणता ते. दुसरे आमच्या शेजारचे दिंडोरीचे काका. त्यांची द्राक्षबाग दिंडोरीला, पण मुलांच्या शाळेसाठी बिऱ्हाड इथं. टीव्हीवर चेंडू पॅडला लागून बॉलर ओरडला की हे दोघं टीव्हीकडे पाठ करून आबांकडे वळायचे.

"काय साहेब?"

आबा बोट वर करायचे, नाहीतर मान हलवायचे. तेही टीव्हीतल्या अंपायरच्या आधी. मग तिघं मिळून टीव्हीत काय झालं ते बघायचे. आबांचं बरोबर निघालं तर बँकवाले म्हणायचे, "यांना उगाच धरणांवर नोकरी दिली." चुकलं तर म्हणायचे, "टीव्हीतला अंपायर पाटबंधारेवाला दिसतोय." दिंडोरीचे काका दोन्ही वेळा हसायचे. मी स्वयंपाकघरातून चहा आणायचे आणि परत जायचे. इतकाच माझा संबंध.

आबांना पक्षाघाताचा झटका आला ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तेव्हा रोज फोन करायचात. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, आणि ते खरंच होतं. पण उजवा हात मंद झाला. शब्द आत तयार असायचे आणि बाहेर यायला वेळ लागायचा. डोकं मात्र अगदी पूर्वीसारखं. मला वाटतं, त्यामुळेच त्यांना जास्त त्रास झाला.

घरी आल्यानंतरची पहिली मॅच मला नीट आठवते. दोघं मित्र मुद्दाम वेळेआधी आले. केबलवर मॅच चालू. चेंडू पॅडला लागला, दोघंही सवयीनं वळले. "काय साहेब?" आबांना उत्तर माहीत होतं, त्यांच्या डोळ्यांत मला ते दिसलं. हात खुर्चीच्या दांड्यावरून जरासा उचलला गेला. पण तोवर टीव्हीतल्या अंपायरनं बोट वर केलं होतं, फलंदाज निघाला होता, आणि आबांचा हात अजून दांड्याच्या वीतभरच वर होता. पाठोपाठ जाहिरात लागली.

पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या वेळी मित्र वळलेच नाहीत. त्यांना आबांना अवघडल्यासारखं करायचं नव्हतं, एवढंच. पण आबांनी ते पाहिलं.

"बंद कर," ते मला म्हणाले.

नंतर किती तरी मॅच झाल्या, आमच्या घरात एकही लागली नाही. बँकवाले यायचे, तब्येत विचारायचे, वर्तमानपत्रावर दोन शब्द बोलून जायचे. दिंडोरीचे काका दारातूनच द्राक्षांची पिशवी देऊन निघायचे. हाताचे व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. त्यांनी उजवा हात उचलायला सांगितला की आबा विचारायचे, "कशाला?" त्या म्हणायच्या, "काका, कप उचलता येईल." आबा डाव्या हातानं कप उचलून दाखवायचे. आयुष्यभर ज्यांना विचारून गोष्टी ठरल्या, त्यांना आता कोणी काही विचारत नव्हतं. यातून ते बाहेर येतील की असेच खिडकीशी बसून राहतील, याचीच मला काळजी होती. तुमच्याशी फोनवर मी हवापाण्याचं बोलायचे.

केबल काढून टाकायचं ठरलं, त्याच्याशी आबांचा संबंध नव्हता. रस्ता खोदला की केबल जायची, आणि आमचा रस्ता सारखाच खोदलेला. शेवटी केबलवाल्या दादानंच सांगितलं, "मावशी, तुमच्या गल्लीत आता केबल घेणारी तीन-चारच घरं राहिलीत. मीच तुम्हाला इंटरनेट लावून देतो. सगळं त्याच्यावरच दिसतं." तुमच्या बाबांनीही तिकडून फोन करून तेच सांगितलं. मला बदल आवडत नाहीत. एका रिमोटला मी एवढी वर्षं नीट ओळखत होते. पण केबलवाला नवा डबा, नवा रिमोट घेऊन आला, तारा ओढल्या, खेळाचं जे काही असतं ते सुरू करून दिलं आणि मला शिकवायला बसला.

"आणि हे बघा, मॅच चालू असताना कुकर झाला तर हे बटण दाबायचं. मॅच थांबते. कुकर उतरवून या, परत दाबा. तिथूनच पुढं."

मी म्हणाले, "अरे, ती तिकडे मैदानावर चाललेली मॅच. ती कशी थांबेल?"

"तिकडं चालूच राहते हो. आपल्या घरात थांबते. आणि हे दाबलं की दहा सेकंद मागं."

मला ते पटलं नाही, म्हणून त्यानं करून दाखवलं. बॉलर धावत येत होता, तो हवेत पाय टाकून तसाच थांबला. खिडकीजवळ वर्तमानपत्र धरून बसलेल्या आबांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"पुन्हा," ते म्हणाले.

त्यानं पुन्हा थांबवलं. आबा त्या अर्धवट उडीतल्या बॉलरकडे बघत राहिले. केबलवाला गेल्यावर मला म्हणाले, "चेंडू... पॅडला लागला की थांबव."

ऐकायला सोपं आहे. करून बघा. मला पॅडला लागलेला चेंडू आणि बॅटला लागलेला चेंडू यांतला फरक कळत नव्हता. मी थांबवायचे तेव्हा चेंडू सीमारेषेकडे गेलेला असायचा. कधी विकेटकीपर चेंडू घासत असायचा. एकदा त्रिफळा उडाला तेव्हा मी अगदी वेळेवर थांबवलं आणि अभिमानानं आबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "याला... अंपायर लागत नाही."

मग शिकवणी सुरू झाली. चेंडू कुठे पडला, पायाला कुठे लागला, नसता लागला तर कुठे गेला असता. हे तीन प्रश्न, याच क्रमानं. जेवणाच्या टेबलावर मीठदाणी म्हणजे स्टंप, चमचा म्हणजे पाय आणि वाटाणा म्हणजे चेंडू. आबांना एकेक शब्द शोधावा लागायचा. मी मध्ये शब्द सुचवला की त्यांना राग यायचा, म्हणून गप्प बसायला शिकले. शब्द परत यावेत म्हणून डॉक्टरांनी रोज मोठ्यानं वाचायला सांगितलं होतं, ते त्यांनी एक दिवसही केलं नाही. पण वाटाणा हातात घेऊन मला पायचीत समजावण्यात त्यांची रोजची दुपार जायची. व्यायामाच्या बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग क्रिकेटच खेळवा त्यांना, काकू. माझी काही तक्रार नाही."

उजव्या हाताचंही तसंच. मी म्हटलं, डाव्या हाताचं बोट वर केलंत तर लवकर होईल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवघरात चपला घालून गेले होते. नियमात तसं काही नाही, हे बँकवाल्यांनी मला नंतर सांगितलं. पण आबांच्या मनात आउट उजव्या हातानंच. त्यामुळे मी थांबवायचे आणि उजवा हात त्याच्या गतीनं वर जायचा. व्यायामाच्या बाईंना मिळालं नव्हतं ते कारण आता हाताला मिळालं होतं. बोट वर पोहोचलं की मी बटण दाबायचे आणि टीव्हीतल्या अंपायरचा हात त्यानंतर हलायचा. नेहमी आबाच आधी.

मग मी दोघा मित्रांना बोलावलं. आबांना न विचारता. त्यांनी दारात दोघांना पाहिलं, मला पाहिलं, आणि बँकवाल्यांना म्हणाले, "बसा. मोबाइल... बाहेर."

हा मोबाइलचा नियम आवश्यक होता. आम्ही थांबत थांबत बघतो, त्यामुळे जगाच्या बरेच मागे असतो. समोरच्या इमारतीत आरडाओरडा झाला की आम्ही एकमेकांकडे बघायचं नाही, असं ठरलेलं आहे. दिंडोरीच्या काकांना बागेतून फोन येतात, तेवढा त्यांचा मोबाइल चालतो, पण गॅलरीत जाऊन. एकदा गॅलरीतून त्यांचा आवाज आला, "अरे, तू फवारणीचं सांग ना! कोण आउट झाला ते नको सांगू, इथं लय कडक कायदा हाय!" ते आत आले तेव्हा त्यांचं तोंड इतकं पडलं होतं, की आम्हाला सगळं कळलं.

केबलच्या दिवसांत एक गोष्ट छान होती, ती मी कबूल करते. षटकार बसला की सगळी गल्ली एकदम ओरडायची. आता प्रत्येक घर वेगवेगळ्या वेळी ओरडतं आणि आमचं सगळ्यात शेवटी.

आणि एक फजिती झाली, तीही सांगते, म्हणजे आजी सगळं व्यवस्थित करते असं तुम्हाला वाटायला नको. जोरदार अपील झालं, मी थांबवलं, आबांनी मान हलवली. नाबाद. बँकवाल्यांना पटलं नाही. वाद सुरू झाला, मी चहा टाकायला गेले, चहा पिऊन झाला तरी वाद चालूच. मग सगळ्यांनी टीव्हीकडे पाहिलं तर बॉलर हात वर करून उभा.

"नेट गेलं वाटतं," बँकवाले म्हणाले.

मी केबलवाल्या दादाला फोन केला. तो द्वारका चौकातल्या गर्दीत अडकला होता. बिचारा घामाघूम होऊन आला. त्यानं टीव्हीकडे पाहिलं, रिमोट उचलला, एक बटण दाबलं. मॅच सुरू झाली.

"मावशी, तुम्हीच थांबवली होती."

मग दिंडोरीचे काका म्हणाले, "तरी मी म्हणतोय, हा गडी मघापासून हात वर करून थकला कसा नाय!" आबा हसले. आजारपणानंतर आवाज करून हसलेले मी पहिल्यांदा ऐकले. केबलवाल्याला आम्ही चहा आणि चिवडा दिला आणि तोही उरलेली मॅच बघत बसला.

आता ज्या दिवसासाठी हे सगळं लिहायला घेतलं, त्याबद्दल.

कसोटी सामना होता, थंडीतला, दुपारची वेळ. आपला फलंदाज चांगला टिकला होता आणि तो गेला तर सामना जाणार, अशी अवस्था. चेंडू आत आला, पॅडला लागला, सगळे ओरडले. मी अगदी योग्य क्षणी थांबवलं. त्या दोघांनी टीव्हीकडे पाठ केली.

"काय साहेब?"

आबांनी बराच वेळ पाहिलं. मग उजवा हात उचलायला लागले. आउट. दिंडोरीचे काका कळवळून म्हणाले, "आबा, आपला माणूस हाय तो!" पण बोट वर गेलंच. आपला-परका हा विचार त्यांनी कधी केला नाही.

मी बटण दाबलं. टीव्हीतल्या अंपायरनं मान हलवली. नाबाद. समोरच्या कप्तानानं दाद मागितली. मग ते पडद्यावर रेषा काढून चेंडू कुठे गेला असता ते दाखवतात ना, ते आलं. चेंडू लेगस्टंपच्या बराच बाहेरून जात होता. थोडाथोडका नाही, स्पष्ट.

आबा चुकले होते. पूर्वीही चुकायचे, पण तेव्हा त्यांची चेष्टा करता यायची. आता कोणाला ते धाडस होईना. माझ्या मनात एकच आलं, आता हे पुन्हा म्हणणार, बंद कर. रिमोटवरचा माझा अंगठा ओला झाला होता.

"त्या मशीनचं काही खरं नाही," बँकवाले घाईघाईनं म्हणाले. "काहीही दाखवतं."

"तर काय!" दिंडोरीचे काका म्हणाले. "मशीनची लय नाटकं असतात."

"मागे घे," आबा मला म्हणाले.

मी मागे घेतलं. त्यांनी तो चेंडू पाहिला.

"पुन्हा."

पुन्हा पाहिला. तिसऱ्यांदाही पाहिला. मैदानावर त्यांना हे कधीच मिळालं नव्हतं. तिथं चेंडू एकदाच दिसायचा आणि दिलेला निर्णय घरी घेऊन यावा लागायचा. काही रविवारी ते रात्री जेवताना गप्प असायचे, त्याचं कारण मला त्या दुपारी समजलं.

"उशिरा... वळला," ते म्हणाले. "मी चुकलो."

मग ते खुर्चीत पुढे सरकून ताठ बसले. डावा हात उचलून उजव्या खांद्यावर ठेवला. उजवा हात मांडीवरून हळूहळू वर यायला लागला. मला काही कळेना. छातीत दुखतंय की काय, असं वाटून मी उठलेच. बँकवाल्यांनी मला हातानं थांबवलं.

"बसा, वहिनी," ते हळूच म्हणाले. "ते निर्णय मागे घेताहेत. अंपायरची खूण आहे ती. दोन्ही हात, विरुद्ध बाजूच्या खांद्यांवर."

उजवा हात छातीपर्यंत आला आणि थांबला. व्यायामाच्या बाईंनी एवढा उंच आणि आडवा हात कधी मागितलाच नव्हता. मी टीव्ही थांबवला. आबांची बोटं सदऱ्याच्या गुंड्यांना धरून, मग कॉलरला धरून, पुढे पुढे सरकत गेली. कपाळावर घाम आला. पण शेवटी बोटांची टोकं डाव्या खांद्यावर टेकली.

"नॉट आउट," ते म्हणाले. एका दमात, मध्ये न अडखळता.

माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी चटकन रिमोट उचलला.

"थांब," आबा म्हणाले. हात तसेच खांद्यांवर.

"आता काय?"

"स्कोअररनं... पाहिलं पाहिजे."

अंपायरनं खूण केली की स्कोअररनं ती पाहिल्याचं हात वर करून कळवायचं असतं. तोवर अंपायर हात खाली घेत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, बँकवाल्यांना सुचलं नाही. दिंडोरीचे काका मात्र जागेवरून उठले आणि त्यांनी आपला हात सरळ डोक्याच्या वर नेला.

"पाहिलं, आबा. लिहिलं."

आबांनी दोन्ही हात खाली घेतले आणि माझ्याकडे बघून होकारार्थी मान डोलावली. मी बटण दाबलं.